गुणामावशीनं गॅरेजला दिलेला इसार

गुणामावशीला गाडीतलं काय म्हणजे काय कळत न्हाई. हे मी तिच्या तोंडावर शंभरदा बोललेय, त्यामुळं लिहायला काही भ्या न्हाई. तिला भाव कळतो. मेथीच्या जुडीचा, स्टीलच्या डब्याचा, खोलीच्या भाड्याचा. समोरच्यानं आकडा म्हणला की ती आधी हसते, मग पदर खोचते, अन् मग त्या माणसाचे जे हाल करते ते बघवत न्हाई. पण भाव कळणं वेगळं अन् माल कळणं वेगळं, का न्हाई? हे तिला सांगून सांगून माझं डोकं उठलं.

तिची मेस हाय लातूरला, ट्युशनच्या भागात. पाटी-बिटी काही न्हाई, पोरं नुसतं 'गुणामावशीची मेस' म्हणतात. तेव्हा आख्ख्या मराठवाड्याला एकच वेड लागलेलं. पोराला दहावीला बरे मार्क पडले की उचलायचं अन् लातूरला आणून टाकायचं, डॉक्टर-इंजिनियर होऊनच परत ये म्हणून. नांदेडहून, परभणीहून, कुठून कुठून पोरं यायची. एका खोलीत चार चार. त्यांना दोन टाइम खायला तर लागतंयच. मलाही मुखेडहून असंच आणून टाकलं होतं. अकरावी अर्धी झाली अन् मी सोडून दिली. बाप म्हणला, "पंचशीला, घरी तोंड दाखवू नको." मावशी म्हणली, "जाशील तिकडं जाशील, आधी जेवून घे." मी जेवायला बसले ती तीन वर्षं झाली, तिथंच हाय. गाडी मी चालवते.

गाडी म्हणजे जुनी ओमनी. मावशीनं नांदेडला घेतली, गुरुद्वाऱ्याकडं भाविकांची ने-आण करणाऱ्या एका सरदारजीकडनं. तीन तास भाव केला. शेवटी त्या सरदारजीनं स्वतःच हात जोडले, म्हणला, "ले जाओ माताजी, बस अब घर जाने दो." मावशी परतीच्या वाटेवर सगळा वेळ खूश. अहमदपूरच्या पुढं सायलेन्सर गळून रस्त्यावर पडला. तिनं सायलेन्सरकडं बघितलंच न्हाई. भाव कसा पाडला तेच सांगायली.

ह्याचं मूळ तिच्या माहेरात हाय. माहेर देवणीकडचं, बाप जनावराच्या बाजारातला दलाल. देवणी बैलाचे सौदे तोंडानं होत न्हाईत, रुमालाखाली हात घालून बोटं दाबून होतात. ही पोरगी लहानपणापासून बापाच्या मागं बाजारात. तिथला एक कायदा तिच्या हाडात बसलाय. एकदा इसार दिला की सौदा पक्का. शंभर रुपये दिले काय अन् हजार दिले काय, त्या जनावराला मग तिसऱ्यानं हात लावायचा न्हाई अन् आपण तोंड फिरवायचं न्हाई. तिच्या बापानं एकदा एका बैलाचा इसार दिला, अन् त्याच रात्री बैलाचा पाय खड्ड्यात गेला. लंगडा झाला. तरी बापानं सगळे पैसे देऊन तो लंगडा बैल घरी आणला. ही गोष्ट ती अशी सांगते जणू बाप गड जिंकून आला.

"बैल कामाला आला का पण?" मी विचारलं होतं.

"न्हाई."

"मग?"

"मग काय? शब्द दिलता की."

बोला आता.

लग्न होऊन ती किल्लारीकडच्या एका गावात गेली. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं, नवरा गेला, सासू गेली. ती एवढंच सांगते, म्हणून मीही एवढंच सांगते. पुढं पत्र्याच्या शेडमधी राहिली. तिथं मदतवाल्यांच्या भटारखान्यात दोन-दोनशे माणसाचं रांधायला शिकली, तेच पुढं मेसला उपयोगी पडलं. दोन वर्षं रांगेत उभं राहून फुकट घेतलं सगळं. ब्लँकेट, तांदूळ, मुंबई-पुण्याच्या बायकांच्या उतरवलेल्या साड्या. एकदा डाळ निवडता निवडता म्हणली, "दोन वर्षं मला कुणी कशाचा भावच सांगितला न्हाई गं पंचे. काय बोलावं माणसानं?" तिला भाव करताना बघून मला लई चीड येते, पण हे आठवलं की मी तोंड बंद ठेवते. थोडा वेळ.

आता त्या इसाराचं सांगते.

मेसचा सगळा डोलारा एका मुलींच्या हॉस्टेलवर उभा होता. ऐंशी डबे. दुपारी एकच्या ठोक्याला पोचायचे, कारण दीडला पोरींची पुढची बॅच. तिथली रेक्टर शिवकन्या मॅडम. बाई वाईट न्हाई, पण घड्याळाची लई कडक. तिनं सुरुवातीलाच सांगितलेलं, "मावशी, तीनदा उशीर झाला की मी दुसरी मेस बघणार. माझ्या पोरी उपाशी पेपरला बसतात." मावशी म्हणली, "एकला म्हणजे एकला. शब्द हाय माझा." ते ऐंशी डबे होते म्हणून स्वयंपाकाच्या दोन बायका होत्या, मी होते, गाडीत पेट्रोल होतं. ते गेले तर मेसवर उरतात पंधरा-वीस पोरं, त्यांच्यातली अर्धी उधारीची.

एक उशीर दिवाळीत झाला होता, पंक्चरमुळं. दुसरा झाला एका शुक्रवारी. सिग्नलला उभी होते, तर टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत, अन् सीटखालून वाफ. ओमनीचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली असतंय, त्यामुळं गाडी तापली की सगळ्यात आधी आपल्यालाच कळतंय. कसंबसं पाणी ओतत ओतत पोचलो. सव्वा वाजला. शिवकन्या मॅडम काही ओरडल्या न्हाईत. दोन बोटं दाखवली अन् आत गेल्या.

शनिवारी मावशी म्हणली, "चांगल्या गॅरेजात दाखवू."

चांगलं म्हणजे तिच्या मते काचेचं. रिंगरोडला एक नवीन झालेलं. आत सोफा, थंड पाण्याची मशीन, भिंतीवर सर्टिफिकिटं, मॅनेजरच्या गळ्यात टाय. एका पोरगेल्या मेकॅनिकनं सीट उचलली, दोन मिनिटं टॉर्च मारली अन् म्हणला, "इंजिनाचं हेड गेलंय."

"कशावरून?" मी म्हणलं.

"तुम्हाला न्हाई कळणार ताई."

"सांग तर, कळतंय का बघू."

"इंजिन खोलावं लागंल. चार दिवस."

मी त्याच्याशी भांडत बाहेर उभी, अन् मावशी आत काचेच्या केबिनीत. काचेतून दिसायलं सगळं. मॅनेजर बोलला, मावशी हसली. मावशीनं पदर खोचला. मला तिथंच कळलं आता काय होणार ते. मी पळत आत जाईपर्यंत ती खुर्चीतून उठलेली, चेहरा असा फुललेला जसा पोरगा बोर्डात आलाय.

"अठरा हजार म्हणला," ती माझ्या कानात म्हणली. "अकरावर आणला. इसार देऊन टाकला पाचशे. सोमवारी गाडी आणून सोडायची."

"मावशे! हेड खरंच गेलंय का ते विचारलं का?"

"अगं, सात हजार पाडले मी!"

"गेलंच नसंल तर अकरा कशाचे? अन् चार दिवस डबे कशात न्यायचे, डोक्यावर?"

चार दिवसांचा हिशेब तिच्या डोक्यात आलाच नव्हता. अठरा अन् अकराच्या मधीच अडकलेली.

"टेम्पो बघू भाड्यानं," म्हणली.

"ट्युशनच्या सीझनला टेम्पो? एकच्या ठोक्याला? रोज?"

"आता इसार गेलाय पंचे. तोंड फिरवता येत न्हाई."

मी गाडीचं दार एवढ्या जोरात आपटलं की काच खाली गेली ती वर यायलाच तयार न्हाई.

रविवारी रात्रीचा डबा नसतो. दुपारचे डबे लवकर निघून कसेतरी एकच्या आत पोचवले, प्रत्येक चौकात पाणी घालत. मग मी मावशीला खोटं बोलून बाहेर काढलं, ज्वारी बघायला जाऊ म्हणून. नेलं महेबूब मिस्त्रीकडं. सगळे रिक्षावाले, शाळेच्या गाडीवाले त्यांचंच नाव घेतात, अन् नाव घेताना डोक्याला हातही लावतात. कारण हा माणूस एका वेळी एकच गाडी घेतो. घाई केली की म्हणतो, "जाव, दुसरीकडं जाव." भाव करत न्हाई. एकदा बोलला तो बोलला. साठीचे, वाळलेले, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. भूकंपाच्या वेळी मदतवाल्यांच्या जीपा तिकडं जाऊन त्यांनीच चालू ठेवल्या म्हणतात. ते स्वतः सांगत न्हाईत.

मावशीला गल्लीत शिरल्यावर कळलं. "ज्वारी कुठंय?"

"दाखवायला काय जातंय मावशे? नुसतं बघतील."

"इसार दिलेल्या मालाला—"

"हात न्हाई लावणार. बघतील!"

मिस्त्रींनी पहिल्यांदा काहीच केलं न्हाई. चहा मागवला. मी म्हणलं, "चाचा, बघा की." तर म्हणले, "गरम है. गरम गाडीचं झाकन उघडलं तर तोंड भाजतंय. बैठो." अर्धा तास बसवून ठेवलं. मावशी सगळ्या भिंती बघून झाली. मग त्यांनी हातानं चाचपून बघितलं, गार झालंय म्हणून, अन् रेडिएटरचं झाकण काढलं. तोंडापर्यंत पाणी भरलं. मला म्हणले, "स्टार्ट कर बेटी." अन् मावशीला म्हणले, "बाई, इकडं या. पानी देखो."

"मी कशाला?"

"गाडी आपकी है का मेरी?"

ती आली. वाकली. मी गाडी चालू करून उतरले, अन् तिघं मिळून पाण्याकडं बघायलो.

"हेड गेलं की इंजिनातली हवा पान्यात घुसती," मिस्त्री म्हणले. "खदखदा बुडबुडे येतात. भाताला आधन येतंय ना, तसं. दिसतंय काही?"

पाणी नुसतं थरथरायलं. एक बुडबुडा न्हाई. मग त्यांनी ऑइलची पट्टी ओढून तिच्या समोर धरली. "हेड गेलं की तेलात पानी जातंय. तेल दुधाच्या चहावानी होतंय. हे बघा, काळं है. साफ है." मग झाकण उलटं करून दाखवलं. आतलं रबर कुजून लोंबत होतं. गाडी तापली की पाणी तिथून बाहेर, अन् पंखा चालू करणारा स्विच मेलेला, म्हणून पंखा बंद. एवढंच.

"झाकन अन् स्विच. मजुरीसकट साडेतीनशे. घंट्याभरात देतो."

मला रडूच यायलं आनंदानं. मी म्हणलं, "करा चाचा, लगेच करा."

"थांबा," मावशी म्हणली.

"मावशे, न्हाई!"

"इसार दिलाय."

"पाचशे गेले खड्ड्यात! अकरा हजार वाचतात!"

"पैशाचं न्हाई गं ते."

"मग कशाचं हाय? उद्या तिसरा उशीर होईल, ऐंशी डबे जातील. ह्या झाकणापायी!"

मी मिस्त्रींकडं बघितलं. म्हणलं, हा तरी शहाणा माणूस दोन शब्द बोलंल. "चाचा, तुम्ही सांगा हिला. तो काचवाला चोर हाय म्हणून सांगा."

मिस्त्रींनी फडक्यानं हात पुसले. "मैं दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवत न्हाई बेटी. पानी बताया. पानी जो बोला सो बोला."

"पण चोर हाय का न्हाई?"

"मेरे को क्या मालूम. गलती बी हो सकती. अन् बाई बोलतेत ते सही है. जबान दी तो दी."

दोन म्हातारे. एकाला शब्द सोडवत न्हाई, एकाला शब्द बोलवत न्हाई. मधी माझी गाडी. मी लाथ मारली असती, पण लाथ मारायला गाडीच होती समोर.

मावशी मात्र तिथून हलली न्हाई. ते कुजलेलं झाकण हातात घेऊन बसली. बराच वेळ रबरावरून अंगठा फिरवत होती, जसं जनावराचे दात बघतात तसं. मग म्हणली, "मिस्त्री, हेड गेलं असतं तर बुडबुडे आलेच असते? नक्की?"

"आतेच."

"त्याच्या माणसानं पाणी घालून बघितलंच न्हाई. पंचे, बघितलं का?"

"टॉर्च मारली फक्त."

ती हळू बोलायली, जणू स्वतःशीच. "बाजारात विकणारा खोड लपवतो. बैल मारका असला तर भांग पाजून आणतो. लपवलेली खोड नंतर सापडली तर इसार परत, सौदा मोडला, त्याला कुणी नाव ठेवत न्हाई. पण हा तर..." तिनं झाकण उलटं केलं. "हा नसलेली खोड सांगायलाय. हा बैल विकतच न्हाई गं. हा खोडच विकायला बसलाय."

"तेच मी कालपासनं बोंबलायले!"

"मग सौदा मोडता येतोय," ती म्हणली. उठली. "पण त्याच्या तोंडावर. त्याच्या दारात, चार माणसांत. तोवर गाडीला कुणी हात लावायचा न्हाई."

"आज करून घेऊ अन् उद्या जाऊ भांडायला!"

"आज केलं तर उद्या त्याला काय दाखवू? नवीन झाकण?"

बरोबर होतं तिचं, ह्याचाच जास्त राग आला. मिस्त्रींनी कुजलेलं झाकण परत बसवलं, चहाचेसुद्धा पैसे घेतले न्हाईत. निघताना मला म्हणले, "पानी साथ में रखना."

सोमवारी सकाळी दहाला काचेच्या गॅरेजात. मावशीच्या हातात मेसची बादली. मॅनेजर हसत पुढं आला, "या मॅडम, किल्ली द्या."

"किल्ली देते. आधी पाणी बघायचंय."

"पाणी? पाणी तिकडं मशीनला आहे मॅडम, थंड."

"प्यायचं न्हाई रे बाबा. गाडीतलं."

गाडी चालवत आणलेली, म्हणजे तापलेली. मावशी म्हणली, "गार होऊ दे," अन् सोफ्यावर मांडी घालून बसली. पाऊण तास! मी घड्याळ बघायले, मेसवर बायका डबे भरायला लागल्या असतील, अन् ही बाई थंड हवेत बसून मशीनमधला तिसरा ग्लास पाणी प्यायली. सोफ्यावर आणखी चार-पाच गिऱ्हाईकं होती. त्यातलं एक बघून मी तोंड फिरवलं. रामकिशन सर. माझे केमिस्ट्रीचे.

"तू पंचशीला ना? अकरावी, सकाळची बॅच?"

"हाव सर."

"दिसली न्हाईस नंतर. किती पडले?"

"सर, जरा बादली धरा," मी म्हणलं. दुसरं काय बोलणार.

मावशीनं स्वतः गाडीला हात लावून बघितला. मग झाकण काढलं, बादलीतलं पाणी ओतलं, तोंडापर्यंत. मॅनेजरला हाक मारली, त्या पोरगेल्या मेकॅनिकलाही. गिऱ्हाईकं काय चाललंय म्हणून बाहेर आली. "पंचे, चालू कर." मी चालू केली. मावशी मॅनेजरला म्हणली, "दाखव बुडबुडे."

"कसले बुडबुडे मॅडम?"

"हेड गेलं की येतात ते. भाताला आधन येतंय तसे. दाखव, लगेच अकरा हजार मोजते."

मॅनेजरनं मेकॅनिककडं बघितलं. मेकॅनिकनं आभाळाकडं.

"मॅडम, ते आतून असतं. बाहेर दिसत न्हाई."

"आतून येऊन जाणार कुठं? तेल बघ. दुधाच्या चहावाणी हाय का?"

"तसं न्हाई, आमच्याकडं कॉम्प्युटरवर चेक होतं सगळं—"

"ह्या गाडीत कॉम्प्युटर घालतो कुठं तू?" मी म्हणलं. "हिच्यात रेडिओ पण न्हाई!"

लोक हसले. रामकिशन सर मात्र हसले न्हाईत. चष्मा पुढं ओढून पाण्यात बघत होते, वर्गात परीक्षानळी बघायचे तसं. म्हणले, "बरोबर आहे ह्यांचं. वायू पाण्यात शिरला तर बुडबुडा यायलाच पाहिजे." मग मॅनेजरकडं वळले. "माझ्या गाडीचं पण हेडच गेलंय म्हणालात ना परवा?"

मागनं एक जण म्हणला, "माझ्या पण!"

"अरे वा," मी म्हणलं, "सगळ्या लातूरचं हेड गेलंय."

मग जे सुरू झालं ते काय सांगू. सगळ्यांना बादली पाहिजे. मॅनेजर टाय सैल करून म्हणायला, "आत बसून बोलू, आत बसून बोलू." मावशी आत जायला तयार न्हाई. "इथंच दे. चार माणसांत." त्यानं पाचशे काढून दिले. मला वाटलं सुटलो. तर ही म्हणते, "असं न्हाई. म्हण, सौदा मोडला."

"मॅडम, पैसे दिले की."

"म्हण."

"मावशे, बारा वाजायला आले!" मी ओरडले.

"मोडला, मोडला," मॅनेजर म्हणला.

तेव्हा कुठं ती गाडीत बसली.

मेसवर आलो, डबे चढवले, साडेबाराला निघालो. मी म्हणलं होतं, रिक्षा करू, दोन-तीन रिक्षांत बसतील. ती म्हणली, "आता गाडी आपली झाली की. पोचतोय." गाडी आपली झाली, पण झाकण तेच कुजलेलं अन् पंखा तोच बंद! सौदा मोडला म्हणून काय स्विच जिता होतो? पहिल्या चौकात काटा चढला. पाणी घातलं. दुसऱ्या चौकात पुन्हा. पुढं ट्युशन सुटलेल्या सायकलींचा एवढा लोंढा की गाडी जागची हलेना, अन् उभी गाडी जास्त तापते. वाफ निघाली. बंद करावीच लागली. बाटल्या संपल्या. मावशीनं ताकाचं भांडं उचललं.

"ताक न्हाई घालायचं मावशे!"

"मग काय घालू?"

"थांबायचं! गार होऊ द्यायची!"

आम्ही थांबलो. दोघी रस्त्याच्या कडेला, मागं ऐंशी डबे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं एक घागर दिली. हॉस्टेलच्या फाटकात पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं. पोरी दप्तर पाठीला लावून दारात उभ्या, डबा हातात घेऊन तिथंच पायरीवर बसून खायला लागल्या. काही न खाताच गेल्या.

शिवकन्या मॅडम फाटकाशी आल्या. "मावशी, तिसरा."

मी तोंड उघडलंच होतं. त्या गॅरेजवाल्यानं कसं फसवलं, मावशीनं कसं पकडलं, कसे सगळे हसले, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. ते ऐकून मॅडम विरघळल्या असत्या, मला माहीत हाय. मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की आठ दिवस हिरवं राहिलं.

"हाव," ती म्हणली. "एकला पोचवीन म्हणले होते. न्हाई पोचवले. गाडीत काय बिघडलंय ते मला काल कळलं होतं, अन् काल दुरुस्त करून घेतलं न्हाई. चूक माझी हाय. तुम्ही बघा दुसरी मेस."

बहुतेक मॅडमला वाटलं होतं ही रडंल, हातापाया पडंल, निदान भाव करंल. त्यांनी एकदा घड्याळ बघितलं अन् म्हणल्या, "उद्याचा दिवस आणा. परवापासून दुसरीकडं सांगते मी."

"आणते. एकला."

गाडीत बसल्यावर मी फुटलेच. "कारण सांगायला काय झालं होतं? हरामखोरी त्याची अन् मार तुला? पाचशे परत घेतले अन् ऐंशी डबे घालवले, कसला सौदा हा? तुझ्या बापाचा लंगडा बैल परवडला!"

"कारण माझं होतं," ती म्हणली. "उपाशी पोरी गेल्या."

मी किल्ली फिरवली. गाडी मिस्त्रींकडं न्यायची होती.

मिस्त्रींकडं पोचायला तीन वाजले. त्यांनी गाडी गार होऊ दिली, झाकण अन् स्विच बदलला. दुकानाच्या तोंडाशी रामकिशन सरांची गाडी आधीच उभी, अन् तिच्यामागं आणखी एक. मिस्त्री मला म्हणले, "ये क्या किया तूने बेटी? अभी सब आ रहे. मेरा चैन गया." साडेतीनशे म्हणले. मावशीचा हात कमरेच्या पदराकडं गेला, अन् मी म्हणलं आता सुरू. पण तिनं जुनं झाकण हातात घेऊन पुन्हा बघितलं, नवीन बसलेलं बघितलं, पंखा फिरतोय का ते वाकून बघितलं, अन् साडेतीनशे मोजून त्यांच्या हातावर ठेवले. एक शब्द न्हाई. मला तर बरंच वाटेना, आजारी पडली का काय.

परत निघालो. ती सगळा वेळ काट्याकडं बघायली. काटा मधोमध, हलेना.

"हा असाच राहणार?"

"राहणार. आठवड्याला पाणी बघायचं, गार असताना. तूच बघायचं, मी न्हाई."

"बघते." मग म्हणली, "परवापासून ऐंशी डबे रिकामे."

"माहीत हाय मला. सकाळपासनं पोटात काही न्हाई माझ्या, ते तुला माहीत हाय का?"

तिनं मागून एक डबा काढला. न खाता गेलेल्या पोरींपैकी कुणाचातरी. भाकरीचा तुकडा मोडून, त्याच्यावर वांगं ठेवून माझ्या तोंडासमोर धरला. मी गाडी चालवता चालवता खाल्लं. मिठाला कमी होतं, तेही सांगितलं.

"डावीकडं घे," ती म्हणली. "तिकडं मागच्या महिन्यात दोन नवीन हॉस्टेलं झालीत."

"आत्ता? ह्या अवतारात? माझ्या हाताला ग्रीस हाय, तुझ्या लुगड्याला कालवण हाय!"

"जेवण विचारायचंय, लग्न न्हाई. घे डावीकडं."

मी डावीकडं घेतली.